आंगोनोच्या पंगतीत बसताना

मनिलापासून पूर्वेला साधारण ३० किलोमीटरवर, रिसाल प्रांतात, एका विस्तीर्ण सरोवराच्या काठी आंगोनो नावाचं गाव आहे. या गावात ‘बालाव-बालाव’ नावाचं एक उपाहारगृह आहे. बालाव-बालाव म्हणजे भात आणि कोळंबी एकत्र आंबवून केलेला पदार्थ. उपाहारगृहाला असं नाव देणारा माणूस चित्रकार होता. त्याचं नाव पेर्दिगोन व्होकालान. त्यांनी जेवणघर आणि कलादालन एकाच छपराखाली आणलं. इथे चित्रं, लाकडी शिल्पं आणि कागदाचे महाकाय पुतळे यांच्या सोबतीनं माणसं जेवतात.

जून २०२५ पासून भारतीय पर्यटकांना १४ दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय फिलिपिन्सला जाता येतं. त्यामुळे मराठी प्रवाशांची पावलंही तिकडे वळू लागली आहेत. त्याआधीपासून मुलं वैद्यकीय शिक्षणासाठी तिथे असल्यानं जाणारे पालक आहेत, आणि बोटीवर फिलिपिनो सहकाऱ्यांबरोबर वर्षानुवर्षं काम केलेले आपले खलाशी तर आहेतच. या सगळ्यांना एक सुचवणं आहे. मनिलात दोन-तीन दिवस असाल, तर त्यातला एक दिवस आंगोनोला द्या. मात्र ‘वेगळं काहीतरी खाल्लं, फोटो काढले, परतलो’ अशा घाईनं जाऊ नका. इथलं ताट आणि इथल्या भिंती एकाच सरोवराची गोष्ट सांगतात. ती नीट ऐकायची तर थोडी पूर्वतयारी हवी. हा लेख त्या तयारीसाठी आहे.

आधी गाव समजून घ्या

सरोवराचं नाव लागुना दे बाई. नकाशावरचं इंग्रजी स्पेलिंग वाचून अनेकजण त्याला उपसागर किंवा खाडी समजतात. प्रत्यक्षात ‘बाई’ हे काठावरच्या एका गावाचं नाव, आणि लागुना दे बाई म्हणजे ‘बाईचं सरोवर’. फिलिपिन्समधलं हे सर्वांत मोठं सरोवर. त्याचा विस्तार सुमारे ९०० चौरस किलोमीटर आहे, पण सरासरी खोली जेमतेम तीन मीटर. उथळ पाणी, भरपूर मासे, गोगलगायी, आणि त्यांच्यावर पोसली जाणारी बदकं. काठच्या गावांचा स्वयंपाक यातूनच घडला. तुमच्या ताटात पुढे जे काही येईल, त्यातलं बरंच या पाण्याशी नातं सांगणारं असेल.

आंगोनोला फिलिपिन्सची ‘कलेची राजधानी’ म्हणतात. या बिरुदामागे सर्वांत मोठं नाव आहे कार्लोस ‘बोतोंग’ फ्रान्सिस्को यांचं. बोतोंग यांचा जन्म १९१२ चा, मृत्यू १९६९ चा. मोठमोठी भित्तिचित्रं ही त्यांची ओळख. राजधानीत नाव झाल्यावरही ते आपल्या गावातच राहिले आणि गावातल्या कोळ्यांना, शेतकऱ्यांना, जत्रेतल्या माणसांना त्यांनी देशाच्या इतिहासचित्रांत जागा दिली. १९७३ मध्ये त्यांना मरणोत्तर ‘राष्ट्रीय कलावंत’ हा सन्मान मिळाला. संगीतकार लुसिओ सान पेद्रो हे याच गावचे दुसरे राष्ट्रीय कलावंत.

बोतोंग यांच्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट आपल्याला विशेष जवळची वाटेल. १९६५ मध्ये आंगोनो आणि बिनांगोनान या गावांच्या सीमेवरच्या एका उथळ गुहेत त्यांना दगडावर कोरलेल्या आकृती दिसल्या. माणसांच्या आणि प्राण्यांच्या मिळून १२७ आकृतींची तिथे नोंद झाली. देशातली सर्वांत जुनी ज्ञात कला म्हणून त्या ओळखल्या जातात. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवरची कातळशिल्पं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांनी हे ठिकाण जरूर बघावं. राष्ट्रीय संग्रहालय त्याची देखभाल करतं. डागडुजीसाठी ते अधूनमधून बंद असतं, म्हणून आधी चौकशी करून मगच जा.

कधी जावं, कसं जावं

सर्वांत चांगला काळ डिसेंबर ते फेब्रुवारी. उकाडा कमी असतो आणि पाऊसही फारसा नसतो. जून ते नोव्हेंबर हे वादळांचे महिने. त्या काळात जाणार असाल तर हवामानाचा अंदाज पाहून दिवस ठरवा.

मनिलाच्या ओर्तिगास भागातून आंगोनोकडे ‘जीपनी’ नावाच्या सामायिक गाड्या आणि व्हॅन सुटतात. वाट काइंता, तायताय अशा गावांतून जाते. अंतर थोडं असलं तरी मनिलाची वाहतूक मुंबईइतकीच तुंबते. सकाळी लवकर निघा, आणि परतताना संध्याकाळची गर्दीची वेळ टाळा. बरोबर ज्येष्ठ मंडळी किंवा लहान मुलं असतील तर मोबाइल अ‍ॅपवरून गाडी मागवणं सोयीचं. परतीच्या गाडीचं मात्र आधीच ठरवून ठेवा, कारण गावातून ती लगेच मिळेलच असं नाही.

निघण्यापूर्वी उपाहारगृहात फोन करा आणि तीन गोष्टी विचारा. त्या दिवशी ते उघडं आहे का, तुमच्या संख्येसाठी जागा राखता येईल का, आणि जे पदार्थ तुम्हाला खायचेच आहेत ते त्या दिवशी मिळतील का. काही पदार्थ हंगामावर आणि बाजारात काय आलंय यावर अवलंबून असतात. मोठ्या परातीत येणारे पदार्थ शिजायला वेळ लागतो, ते आदल्या दिवशी सांगून ठेवलेले बरे.

नोव्हेंबरात जाणार असाल तर २३ तारीख लक्षात ठेवा. त्या दिवशी गावच्या रक्षक संताचा, सान क्लेमेंते यांचा सण असतो. ते कोळ्यांचे संत. त्यांची मूर्ती सरोवरातून मिरवत नेतात. त्याआधीच्या रविवारी महाकाय पुतळ्यांची मिरवणूक निघते. रस्त्यावर एकमेकांवर पाणी उडवण्याची रीत आहे, म्हणून भिजले तरी चालतील असे कपडे घाला आणि फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. या दिवसांत जेवायला जागा मिळणं कठीण, त्यामुळे आठवडाभर आधी सांगून ठेवा. निवांत जेवण आणि चित्रं हाच हेतू असेल, तर सणाचे दिवस सोडून मधल्या वारी जा.

आधी भिंती, मग ताट

पोहोचल्यावर जेवण सांगा, आणि ते शिजेपर्यंत भिंतींपाशी जा. हा क्रम महत्त्वाचा आहे. जेवण झाल्यावर डोळे जड होतात, परतीची घाई सुरू होते आणि चित्रं राहून जातात. स्वयंपाकघराला लागणारा अर्धा-पाऊण तास हा या जागेनं तुम्हाला दिलेला वेळ आहे, तो फोनमध्ये घालवू नका.

चित्रकलेची जाण नाही म्हणून संकोच करायचं कारण नाही. सोपी युक्ती सांगतो. प्रत्येक चित्रात फक्त तीन गोष्टी शोधा: पाणी, हातातलं काम आणि खाणं. आंगोनोच्या चित्रपरंपरेत या तिन्ही गोष्टी वारंवार भेटतात. जाळं ओढणारे कोळी, मासळीची टोपली घेतलेल्या बायका, सणाचा गोंगाट, बांबूची घरं. बोतोंग यांच्या चित्रांत रेषा सरळ जात नाही, ती लाटेसारखी वळत जाते आणि एका माणसाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या हाताकडे नेते. त्यांच्या नंतरच्या अनेक स्थानिक चित्रकारांवर या वळणाचा संस्कार आहे. समोरच्या चित्रातली एक रेषा निवडा आणि ती कुठवर जाते ते डोळ्यांनी चालत जाऊन पाहा. चित्र हळूहळू उलगडत जातं.

मनिलात असतानाच बोतोंग यांची मूळ भित्तिचित्रं पाहिलीत, तर इथलं पाहणं आणखी समृद्ध होईल. राष्ट्रीय ललितकला संग्रहालयात त्यांची फिलिपिन्समधल्या वैद्यकाच्या वाटचालीवरची चित्रमालिका आहे, आणि मनिलाच्या नगरभवनासाठी केलेलं देशाच्या संघर्षांवरचं प्रचंड भित्तिचित्रही आहे. तिथे प्रवेश विनामूल्य आहे, सोमवारी मात्र बंद. शक्य असेल तर आंगोनोच्या आदल्या दिवशी तिथे जाऊन या.

मग वळा हिगान्तेंकडे. हिगान्ते म्हणजे राक्षसी आकाराचा पुतळा. उंची १० ते १२ फूट, रुंदी चार-पाच फूट. आत एक माणूस शिरतो आणि पुतळा खांद्यावर घेऊन नाचतो. डोकं घडवायची जुनी पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. मातीच्या साच्यावर खळ लावलेल्या कागदाच्या पट्ट्या एकावर एक चिकटवतात. थर वाळला की कापून साच्यावरून काढतात, पुन्हा जोडतात, वर रंग चढवतात. धडासाठी बांबूचा किंवा वेताचा सांगाडा आणि त्यावर कापडाचे कपडे. आता काही ठिकाणी फायबरग्लासही वापरतात. कागदाचं हे तंत्र स्पॅनिश धर्मगुरूंमार्फत मेक्सिकोतून इथे आलं असं सांगतात.

पुतळ्यांमागची लोककथा अशी. स्पॅनिश काळात हे गाव एका जमीनदाराच्या वतनात होतं. खर्च होतो म्हणून त्यानं सान क्लेमेंतेंचा सण सोडून बाकी सगळे उत्सव बंद केले. मग लोकांनी उरलेल्या त्या एकाच सणात जमीनदाराचेच भले मोठे पुतळे केले, कमरेवर हात ठेवून गुर्मीत उभे असलेले, आणि गावभर नाचवले. नागपूरची मारबत आणि बडगे पाहिलेल्या माणसाला ही रीत समजावून सांगावी लागणार नाही. पूर्वी गावात पुतळ्यांचं एखादं कुटुंबच असे: आई, बाप आणि मूल. १९८७ मध्ये गावच्या सगळ्या वस्त्यांचे पुतळे मिरवणुकीत आणायचे असं ठरलं. ती कल्पना पेर्दिगोन व्होकालान यांची. ज्यांच्या जेवणघरात तुम्ही उभे आहात, त्यांनीच या सणाला आजचं रूप दिलं. पुतळ्यासमोर उभं राहून फोटो काढण्याआधी घरातल्या मुलांना एवढी गोष्ट नक्की सांगा.

चार नियम पाळा. चित्रांना आणि शिल्पांना हात लावू नका. फोटोसाठी परवानगी घ्या आणि फ्लॅश बंद ठेवा. तेलकट हातांनी दालनात फिरू नका. आणि दुसऱ्या टेबलावर कुणी जेवत असेल, तर त्यांच्या डोक्यावरच्या चित्राचा फोटो काढायची घाई करू नका.

काय मागवावं

इथे पदार्थ वाटून खायची पद्धत आहे. एकेकासाठी वेगळं ताट मागवण्यापेक्षा चौघांत मिळून एक रस्सा, एक तळलेला किंवा भाजलेला पदार्थ, एक भाजी, एक भाताचा मोठा पदार्थ आणि तोंडी लावायला बालाव-बालाव, एवढं पुरेसं होतं.

सुरुवात ज्याच्यावरून नाव पडलं त्या पदार्थानं करा. शिजवलेला भात आणि मीठ लावलेली लहान कोळंबी एकत्र करून भांड्यात काही दिवस ठेवतात. भात आंबतो आणि ओला, मऊ होतो. त्या आंबटपणानं कोळंबीचं कवच नरम पडतं आणि रंग लालसर होतो. रंग अधिक गडद यावा म्हणून काहीजण लाल बुरशी वाढवलेला ‘आंगकाक’ तांदूळ घालतात. वाढण्याआधी हे मिश्रण लसूण, कांदा आणि टोमॅटोवर परततात. वाटीत येतं तेव्हा ते दिसतं दाट, गुलाबी पेजेसारखं. वास पहिल्यांदा नाकात जातो तेव्हा तीव्र वाटतो. ते चमच्यानं नुसतं खाऊ नका. भाजलेल्या माशाचा तुकडा किंवा उकडलेल्या भाजीचं पान घ्या, त्यावर बोटाच्या पेराएवढं लावा आणि भाताच्या घासाबरोबर खा. आधी आंबट, मग खारट, आणि शेवटी कोळंबीची गोडी. ज्या घरात सुकटीची चटणी आणि आंबोळीचं पीठ दोन्ही होतं, त्या घरातल्या माणसाला ही चव परकी वाटणार नाही. आंबवणं हा या उष्ण, दमट मुलखातला टिकवण्याचा जुना उपाय आहे. हाती आलेली कोळंबी वाया जाऊ नये म्हणून सरोवराकाठच्या बायकांनी जपलेलं हे शहाणपण आहे.

दुसरा पदार्थ बदकाचा. बदकाला तागालोग या तिथल्या भाषेत ‘इतिक’ म्हणतात, आणि तळलेलं इतिक ही आंगोनोची खासियत. आधी मसाल्यात मुरवून शिजवलेलं बदक मग खरपूस तळतात. मांस कोंबडीपेक्षा गडद आणि चवीला दणकट असतं. त्याबरोबर मिरची-लसूण घातलेलं व्हिनेगर येतं, ते वापरा. मांसातला तुपकटपणा त्यानं कापला जातो.

रश्शासाठी सिनिगांग मागवा. हा फिलिपिन्सचा आंबट रस्सा, बहुतेक वेळा चिंचेचा. सरोवराकाठी तो ‘कांदुली’ माशाचा करतात आणि त्यात मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं दाट वाटण, आणि मोहरीचा पाला घालतात. कांदुली हा आपल्या शिंगाळ्याच्या जातकुळीतला मासा. चिंचेचं सार आणि माशाचं कालवण यांच्या मधलं काहीतरी असं त्याचं वर्णन करता येईल, पण त्यात हळद नाही आणि तिखटही नाही. गरम असतानाच प्या.

चार-सहाजण असाल तर ‘मिनालुतो’ सांगा. केळीचं पान घातलेल्या रुंद भांड्यात रंगीत भाताचा थर आणि त्यावर कोळंबी, खेकडा, शिंपल्या, मांस, भाज्या, खारवलेलं अंडं असं बरंच काही रचून आणतात. ही या जागेची मिरवण्याची डिश. चित्रकाराच्या घरातलं जेवण म्हणजे काय, ते हे ताट समोर आल्यावर कळतं. रंग कुठे ठेवायचा, रिकामी जागा कुठे सोडायची, याचा विचार त्यात दिसतो. वाढायला सुरुवात करण्यापूर्वी एक मिनिट ते नुसतं पाहा.

बालाव-बालाव हे उपाहारगृह ‘धाडसी’ पदार्थांसाठीही प्रसिद्ध आहे. नारळाच्या कुजलेल्या खोडात वाढणारी भुंग्याची अळी, जिला ‘उओक’ म्हणतात, ती त्यातली एक. गेंड्या भुंग्यानं आणि सोंड्या भुंग्यानं माड मारलेला ज्यांनी पाहिलाय, त्या कोकणातल्या बागायतदारांना ही अळी चांगली ठाऊक आहे. तिथल्या माणसांनी बागेच्या शत्रूला अन्न केलं, एवढाच फरक. खायचं की नाही, हा तुमचा निर्णय. पण समोर आलेल्या अन्नाला ‘शी’ म्हणू नका आणि चेहरा वाकडा करत व्हिडिओ काढू नका. वाढणाऱ्याच्या आईनं, आजीनं ते प्रेमानं रांधलेलं असतं. खायचं नसेल तर हसून ‘सालामात पो’, म्हणजे धन्यवाद, एवढं म्हणावं. एक गोष्ट मात्र कुठेही गेलात तरी पाळा. या भागात कुणी घोरपड किंवा रानपक्षी खाऊ घालतो म्हटलं तर नकार द्या. फिलिपिन्समध्ये २००१ च्या कायद्यानं वन्यजीवांना संरक्षण आहे.

शाकाहारी असाल, काही वर्ज्य असेल तर

इथे स्पष्ट बोलायला हवं. सरोवराकाठच्या पारंपरिक जेवणात शाकाहारी माणसाची अडचण होते. मुद्दा मांसाच्या तुकड्यांचा नाही. भाजीच्या नावाखाली येणाऱ्या पदार्थातही ‘बागोओंग’ (कोळंबीची किंवा माशाची खारी चटणी) किंवा ‘पातिस’ (माशाचं खारं पाणी) असतं. पिनाकबेत नावाची मिश्र भाजी बागोओंगशिवाय होत नाही. लाइंग म्हणजे नारळाच्या दुधातला अळू, आपल्याला ओळखीचा वाटतो, पण त्यात सुकी मासळी असते.

म्हणून फोन करतानाच सांगा आणि टेबलावर पुन्हा सांगा. ही वाक्यं कागदावर लिहून ठेवा. ‘हिंदी पो आको कुमाकाइन नांग कार्ने’: मी मांस खात नाही. तागालोगमध्ये ‘हिंदी’ म्हणजे ‘नाही’, त्यामुळे वाक्य लक्षात ठेवायला सोपं. ‘वालांग इस्दा, वालांग हिपोन, वालांग पातिस’: मासा नको, कोळंबी नको, पातिस नको. ‘गुलाय लांग पो’: फक्त भाजी. अंडंही नको असेल तर ‘वालांग इतलोग’. नुसतं ‘मी शाकाहारी’ म्हणून भागत नाही, काय नको ते नाव घेऊन सांगावं लागतं.

मिळण्यासारखं काय? साधा भात, म्हणजे ‘कानिन’. भाजलेल्या वांग्याचं सॅलड, जे आपल्या भरताचं जवळचं नातेवाईक आहे. लसणीवर परतलेली ‘कांगकोंग’ ही पाणवनस्पतीची पालेभाजी. टोफू, ज्याला ‘तोकवा’ म्हणतात. कच्च्या पपईचं गोड-आंबट लोणचं ‘आचारा’, ज्याच्या नावातच आपलं लोणचं ऐकू येतं. शहाळ्याचं पाणी आणि फळं. कट्टर शाकाहारी असाल तर थोडा कोरडा खाऊ बरोबर ठेवा आणि इथे चित्रांसाठी, शहाळ्यासाठी या. त्यात काही कमीपणा नाही.

गोमांस, डुकराचं मांस टाळणाऱ्यांनी दोन शब्द पाठ करावेत. ‘बाका’ म्हणजे गोमांस आणि ‘बाबोय’ म्हणजे डुकराचं मांस. कारे-कारे हा शेंगदाण्याच्या रश्शाचा पदार्थ नावावरून कढीसारखा वाटेल, पण त्यात बहुधा गाईची शेपटी असते. ‘सूप नंबर ५’ हे बैलाच्या अवयवांचं सूप असतं. नावावरून अंदाज बांधू नका, प्रत्येक पदार्थात काय आहे ते विचारा. शेंगदाण्याची किंवा कवचाच्या मासळीची अ‍ॅलर्जी असेल तर ती आधीच सांगा. एकाच तव्यावर, एकाच तेलात अनेक पदार्थ होतात.

बसायची आणि बोलायची रीत

वाढणाऱ्याला ‘वेटर’ म्हणून हाक मारू नका. मुलगा असेल तर ‘कुया’, म्हणजे दादा. मुलगी असेल तर ‘आते’, म्हणजे ताई. वाक्यात ‘पो’ हा शब्द घातला की आदर व्यक्त होतो, जसा आपण ‘हो’च्या पुढे ‘जी’ लावतो. एवढे तीन शब्द आले तरी समोरच्याचा चेहरा खुलतो.

रोजच्या जेवणात उजव्या हातात चमचा आणि डाव्या हातात काटा असतो. काट्यानं घास चमच्यावर ढकलायचा. सुरी सहसा नसते, चमच्याच्या कडेनंच तुकडा होतो. केळीच्या पानावर जेवण मांडलं असेल तर हातानं खातात. त्याला ‘कामायान’ म्हणतात. इथे आपण घरच्यासारखे आहोत, बिनदिक्कत हातानं जेवा. मात्र सामायिक ताटातून घेताना वाढायच्या चमच्यानं आपल्या पानात घ्या आणि मग खा. शेवटचा तुकडा कुणी पटकन उचलत नाही, आधी इतरांना विचारतात. आपल्याही घरात हेच शिकवलेलं असतं.

प्रत्येकाजवळ एक छोटी वाटी येते, चटणी स्वतःची स्वतः बनवायला. कालामान्सी नावाचं लहान लिंबू, मिरची, सोया सॉस, व्हिनेगर, पातिस. हे ‘सावसावान’. स्वयंपाकी चव नव्वद टक्के आणून देतो, बाकीची खाणाऱ्यानं पुरी करायची, हा त्यामागचा विश्वास. म्हणून जेवण अळणी वाटलं तर तक्रारीआधी वाटी तयार करा.

व्हिनेगरला तिथे ‘सुका’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘चुक्र’वरून मलाय भाषेमार्गे तिथे पोहोचला, आणि आपल्या आंबट चुक्याचं मूळही तेच. चवीला ‘लासा’ म्हणतात, तो आपला ‘रस’. शिक्षकाला ‘गुरो’ म्हणतात, तो ‘गुरू’. भाताचा घास व्हिनेगरात बुडवताना हे शब्द आठवले, की दूरदेशी बसून जेवतोय असं वाटत नाही.

बिल मागताना त्यात सेवाशुल्क लावलंय का पाहा. नसेल तर यथाशक्ती काहीतरी ठेवा. पेसोत रोख रक्कम बरोबर असू द्या, गावात सगळीकडे कार्ड चालेलच असं नाही.

चित्र आवडलं तर

कलादालनातली सगळीच चित्रं विकायला नसतात. काही कुटुंबाचा ठेवा असतात. आधी विचारा, ‘मागकानो पो?’, म्हणजे किती. उत्तर ‘विकायचं नाही’ असं आलं तर आग्रह धरू नका. विकाऊ असेल तर चित्रकाराचं नाव, सही, वर्ष, माध्यम आणि किंमत लिहिलेली पावती घ्या. किमतीत थोडं कमी-जास्त विचारायला हरकत नाही, पण बाजारातल्या भाजीसारखी घासाघीस नको.

कॅनव्हास असेल तर चौकट सोडवून, रंगाची बाजू बाहेर ठेवून, जाड नळीत गुंडाळून घ्या आणि विमानात हातातल्या सामानात ठेवा. जुन्या वस्तूंबद्दल सावध राहा. २००९ च्या सांस्कृतिक वारसा कायद्यानुसार राष्ट्रीय कलावंतांच्या कलाकृती आणि पुरातन वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. कुणी स्वस्तात ‘बोतोंगचं स्केच’ देऊ केलं, तर ते नकली असण्याची शक्यता मोठी, आणि अस्सल असेल तर विमानतळावर अडचण मोठी. त्यापेक्षा आजच्या तरुण स्थानिक चित्रकाराचं लहानसं काम घ्या. त्या पैशानं गावातली कला चालू राहते.

वेळ उरला तर

आंगोनोत आणखी कलादालनं आहेत. नेमिरांदा या चित्रकार-शिल्पकाराचं दालन आणि ब्लांको या चित्रकार कुटुंबाचं संग्रहालय ही त्यांतली ठळक. बोतोंग यांच्या घराच्या गल्लीत भिंतीवर त्यांच्या चित्रांची उठावशिल्पं केलेली आहेत. जेवणानंतर तिथवर चालत जा, पचनही होईल आणि गावही दिसेल.

उत्तरेला बागियोकडे जाणार असाल, तर राष्ट्रीय कलावंत बेनकाब यांचं २००९ मध्ये उघडलेलं संग्रहालय आहे. त्यातच ‘साबेल’ नावाचं उपाहारगृह आहे, त्यांनी आयुष्यभर रंगवलेल्या एका कचरा वेचणाऱ्या बाईच्या नावानं. तिथेही क्रम हाच ठेवा: आधी भिंती, मग ताट.

कलावंतानं चालवलेलं जेवणघर टिकवणं सोपं नसतं. चित्रं विकली गेली नाहीत तरी भाताचं आधण ठेवावंच लागतं, आणि गिऱ्हाईक कमी आलं तरी पुतळ्यांची डागडुजी करावी लागते. संस्थापक गेल्यावरही व्होकालान कुटुंबानं हे घर चालू ठेवलं आहे. तुम्ही तिथे पोटभर जेवलात, दोन चित्रांपुढे मनापासून थांबलात आणि निघताना ‘मासाराप पो’, म्हणजे ‘छान झालं होतं हो’, असं म्हणालात, तर त्या कष्टांना तुमचा हातभार लागतो. म्हणून जाल तेव्हा किमान तीन तास हाताशी ठेवून जा.